विश्लेषण: बाळाच्या यकृतात वण पाडणारं ‘टीजीएफ-बीटा’ प्रथिन काय आहे? त्यावर औषध येईपर्यंत ६० दिवसांचं गणित का महत्त्वाचं?

नवजात बाळाला कावीळ होणं नवीन नाही. पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या दहापैकी साधारण सहा बाळांना पहिल्या आठवड्यात थोडीफार कावीळ होते आणि बहुतेकांची ती दोन आठवड्यांत उतरते. मोजक्या बाळांची मात्र उतरत नाही. त्यांच्या यकृतातून पित्त बाहेर पडण्याची वाट बंद झालेली असते आणि आत वण साचत जातात. हे वण का पडतात आणि त्यामागे पेशींना निरोप देणाऱ्या एका प्रथिनाचा हात कसा आहे, हे आता बरंचसं उलगडलं आहे. पण ते प्रथिन रोखणारं औषध बाळांसाठी अजून आलेलं नाही. त्यामुळे हिंगोली जिल्ह्यातल्या शिरड शहापूरसारख्या गावात जन्मलेल्या बाळाचं यकृत वाचेल की नाही, हे आज तरी लंगोटावरचा रंग कोण पाहतं आणि कधी पाहतं यावर ठरू शकतं.

यकृतात वण पडतात म्हणजे काय होतं?

गुडघा फुटला की जखम भरताना तिथे कोलॅजनचे चिवट धागे विणले जातात आणि वण राहतो. यकृतातही इजा झाली की हेच होतं. इजा एकदाच झाली, तर हे धागे पुढे विरघळतात आणि यकृत पूर्ववत होतं. स्वतःला पुन्हा वाढवू शकणारा तो अवयव आहे. अडचण येते ती इजा थांबत नाही तेव्हा. मग वणावर वण चढत जातात. याला डॉक्टर फायब्रोसिस म्हणतात. ते वाढून यकृत कडक आणि गाठीगाठींचं झालं की सिरोसिस.

अशा यकृतातून रक्त सहज वाहत नाही. प्लीहा वाढते, पोटात पाणी साचतं, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात आणि फुटल्या तर रक्ताच्या उलट्या होतात. सिरोसिस म्हटलं की आपल्याकडे आधी दारू आठवते. त्यामुळे तान्ह्या बाळाला सिरोसिस आहे म्हटल्यावर घरचे चक्रावतात आणि आईने गरोदरपणात काय खाल्लं, काय पथ्य मोडलं याची चौकशी सुरू होते. या आजाराचा आईच्या खाण्यापिण्याशी संबंध असल्याचं दिसलेलं नाही.

टीजीएफ-बीटा नेमकं काय करतं?

यकृतात ताऱ्याच्या आकाराच्या काही पेशी असतात. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फॉन कुप्फर यांनी १८७६ मध्ये त्यांचं वर्णन केलं. त्यांना स्टेलेट पेशी म्हणतात. निरोगी यकृतात त्यांचं काम शांतपणे अ जीवनसत्त्व साठवून ठेवण्याचं. शरीरातला या जीवनसत्त्वाचा मोठा साठा याच पेशींमध्ये असतो.

यकृताला इजा झाली की आजूबाजूच्या पेशी काही प्रथिनं सोडतात. ही प्रथिनं निरोप्याचं काम करतात. एका पेशीतून निघून दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावरच्या ठरावीक जागी ती बसतात आणि आत हुकूम पोहोचतो. ट्रान्सफॉर्मिंग ग्रोथ फॅक्टर बीटा, म्हणजे टीजीएफ-बीटा, हा वणांच्या बाबतीतला सगळ्यात प्रभावी निरोप्या मानला जातो. तो मिळाला की स्टेलेट पेशी साठवलेलं जीवनसत्त्व सोडून देतात, आकार बदलतात आणि कोलॅजन तयार करू लागतात. इतकंच नाही, जुनं कोलॅजन विरघळवण्याचं काम त्या कमी करतात आणि स्वतःच आणखी टीजीएफ-बीटा सोडतात. निरोपातून निरोप वाढत जातो.

या प्रथिनाची आणखी एक गंमत आहे. ते आधीच तयार करून पेशींच्या बाहेर कुलूपबंद ठेवलेलं असतं. इंटिग्रिन नावाची दुसरी प्रथिनं हे कुलूप उघडतात. त्यातलं एक इंटिग्रिन निरोगी पित्तनलिकांच्या पेशींवर फारसं नसतं, पण त्या नलिकांना इजा झाली की तिथे भरपूर दिसू लागतं. म्हणूनच पित्त अडलेल्या यकृतात वण आधी पित्तनलिकांच्या भोवती जमतात.

टीजीएफ-बीटा एकटंच हे करतं असं नाही. हेजहॉग, इंटरल्युकिन-८ असे आणखी निरोपे आजारी बाळांच्या यकृतात वाढलेले आढळले आहेत. मात्र एखादं प्रथिन वाढलेलं दिसणं आणि त्यानेच आजार सुरू करणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक लक्षात ठेवला, तर ‘आजाराचं कारण सापडलं’ अशा मथळ्यांनी फसगत होणार नाही.

बाळांमध्ये याची सुरुवात कशाने होते?

बालवयातल्या यकृताच्या वणांचं एक प्रमुख कारण म्हणजे बिलियरी अट्रेसिया. यात जन्माच्या आसपास यकृताबाहेरची पित्तनलिका सुजते, आकसते आणि बंद होते. वेगवेगळ्या देशांत साधारण पाच हजार ते वीस हजार जन्मांमागे एका बाळात हा आजार आढळतो. जगभर बाळांवर होणाऱ्या यकृत प्रत्यारोपणांमागे हेच सगळ्यात मोठं कारण आहे.

ही नलिका मुळात का सुजते, याचं एकच एक उत्तर नाही. विषाणूसंसर्ग, बाळाच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीने केलेला हल्ला, जनुकीय कल आणि विषारी घटक अशा चारही दिशांनी शोध सुरू आहे. विषारी घटकाचा धागा ऑस्ट्रेलियातून आला. तिथे १९६४, १९८८ आणि २००७ मध्ये दुष्काळात धरणाचं पाणी आटलं, उघड्या पडलेल्या जमिनीवर उगवलेली एक वनस्पती गाभण मेंढ्यांनी खाल्ली आणि त्यांची कोकरं बंद पित्तनलिका घेऊन जन्मली. २०१५ मध्ये शास्त्रज्ञांनी त्या वनस्पतीतला घटक वेगळा केला आणि त्याला बिलियाट्रेसोन हे नाव दिलं. माणसाच्या आहारात ही वनस्पती नाही. पण गर्भावस्थेतली बाहेरची इजा नेमकी पित्तनलिकेवरच घाव घालू शकते, हे त्यातून दिसलं.

घाव कशानेही होवो, पुढची वाट सारखीच असते. पित्त तुंबतं, पेशी दुखावतात, निरोप सुटतो आणि वण पडू लागतात. बाळांमध्ये हा वेग मोठ्यांपेक्षा फार जास्त असतो. दारू पिणाऱ्या प्रौढाला सिरोसिसपर्यंत पोहोचायला अनेक वर्षं लागतात. पित्तनलिका बंद असलेलं आणि उपचार न मिळालेलं बाळ तिथे काही महिन्यांत पोहोचतं आणि बहुतेक वेळा दुसरा वाढदिवसही पाहू शकत नाही.

मग हे प्रथिन औषधाने बंद का करत नाहीत?

कारण टीजीएफ-बीटा हा खलनायक नाही. जखमा भरणं, प्रतिकारशक्तीला आवर घालणं, पेशींची बेसुमार वाढ रोखणं ही कामंही त्याचीच. १९९२ मध्ये शास्त्रज्ञांनी हे जनुक बंद केलेले उंदीर तयार केले. ते उंदीर जन्मानंतर काही आठवड्यांत अंगभर पसरलेल्या दाहाने मेले. वाढत्या बाळाच्या शरीरात हा निरोप सरसकट बंद करणं म्हणूनच धोक्याचं आहे.

दुसरा मार्ग म्हणजे प्रथिनाला हात न लावता त्याचं कुलूप उघडणारी इंटिग्रिन रोखायची. या दिशेचं बेक्सोटेग्रास्ट हे औषध प्रौढांमधल्या फुप्फुसाच्या वणांसाठी मोठ्या चाचणीपर्यंत पोहोचलं होतं. २०२५ मध्ये सुरक्षिततेवर देखरेख ठेवणाऱ्या तज्ज्ञांच्या शिफारशीनंतर ती चाचणी थांबवावी लागली.

मार्च २०२४ मध्ये अमेरिकेत यकृतातल्या वणांसाठी रेस्मेटिरोम या औषधाला मान्यता मिळाली, पण ते चरबी साचून यकृत बिघडलेल्या प्रौढांसाठी आहे. बाळांच्या बाबतीत दाह कमी करण्यासाठी स्टिरॉइड देऊन पाहिले गेले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १४० बाळांवरच्या अमेरिकी चाचणीत शस्त्रक्रियेनंतर भरपूर स्टिरॉइड देऊनही ठळक फायदा दिसला नाही.

या संशोधनाचा एक उपयोग मात्र निदानासाठी होतो आहे. बिलियरी अट्रेसिया असलेल्या बाळांच्या रक्तात एमएमपी-७ हे प्रथिन खूप वाढलेलं असतं. रक्ताच्या थोड्या नमुन्यावरून हा आजार इतर काविळींपासून वेगळा ओळखण्यासाठी ही तपासणी आशादायक ठरते आहे.

वण थांबवता येतात, हे पुण्यात कसं दिसलं?

निरोप थांबवणारं औषध नसताना वण थांबवल्याचं एक ठोस उदाहरण महाराष्ट्रातच आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून भारतात एका ते तीन वर्षांच्या मुलांना गाठणारा, बहुतेकदा जीवघेणा ठरणारा यकृताचा आजार नोंदवला जात होता. वैद्यकीय पुस्तकांत त्याचं नावच ‘इंडियन चाइल्डहूड सिरोसिस’ असं पडलं. कित्येकदा एकाच घरातली दोन-दोन मुलं त्यात जायची.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. शीला भावे आणि डॉ. आनंद पंडित यांनी ब्रिटिश बालयकृततज्ज्ञ डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत या आजाराचा पाठपुरावा केला. आजारी मुलांच्या यकृतात तांबं प्रचंड साचलेलं होतं. निरोगी यकृताच्या एका ग्रॅम कोरड्या वजनात तांबं साधारण ५० मायक्रोग्रॅमच्या आत असतं. या मुलांमध्ये ते हजारांच्या घरात जात होतं. हे तांबं आलं कुठून? १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात त्यांनी मांडलेलं उत्तर स्वयंपाकघरात होतं. लहान वयातच गाई-म्हशीचं दूध सुरू केलेल्या या बाळांचं दूध तांब्या-पितळेच्या भांड्यांत तापवलं आणि साठवलं जात होतं.

जुन्या घरांत अशा भांड्यांना कल्हई केली जायची. कथलाचा तो थर झिजला किंवा कल्हई केलीच नाही, तर दूध थेट धातूला लागतं. दुधातलं केसिन हे प्रथिन तांब्याला धरून ठेवतं. पाण्यापेक्षा दुधातून जास्त तांबं बाळाच्या पोटात जाण्याचं हेच कारण. आईच्या दुधावरच्या बाळाला हा धोका नव्हता.

दूध स्टीलच्या भांड्यांत तापवण्याचा सल्ला दिला गेला, स्टील घरोघरी पोहोचलं आणि १९९०च्या दशकात हा आजार जवळपास दिसेनासा झाला. ऑस्ट्रियातल्या टायरॉल भागातही हेच घडलं होतं. तिथे १९०० ते १९७४ या काळात १३८ बाळं अशाच आजाराने दगावली होती आणि तिथेही दूध तांब्याच्या भांड्यांतच तापवलं जात होतं. भांडी बदलली आणि आजार गेला. अर्थात पितळेचं भांडं असलेल्या प्रत्येक घरात मूल आजारी पडत नव्हतं. काही मुलांमध्ये तांब्याबाबत जन्मजात नाजूकपणा असावा, असं मानलं जातं.

पुण्याच्या अनुभवातली दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. शरीरातलं तांबं बाहेर काढणारं पेनिसिलामाइन हे औषध आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यावर मिळालेली काही मुलं वाचली. पुढे त्यांच्या यकृताचे तुकडे तपासले, तेव्हा काहींचं यकृत जवळपास पूर्ववत झालेलं दिसलं. इजेचं कारण दूर झालं आणि वण मागे हटले. निरोप थेट अडवता येत नसला, तरी तो ज्या इजेमुळे सुटतो ती इजा थांबवता येते. अट एकच. उशीर होता कामा नये.

बिलियरी अट्रेसियात ६० दिवस का मोजतात?

इथे इजेचं कारण म्हणजे तुंबलेलं पित्त. त्याला वाट करून देणारी शस्त्रक्रिया जपानचे शल्यचिकित्सक मोरिओ कसाई यांनी शोधली आणि १९५९ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली. बंद झालेली नलिका काढून टाकायची आणि लहान आतड्याचा भाग थेट यकृताच्या तोंडाशी जोडायचा. बाळ ६० दिवसांचं होण्याआधी अनुभवी केंद्रात ही शस्त्रक्रिया झाली, तर साधारण तीनपैकी दोन बाळांमध्ये पित्त वाहू लागतं. त्यानंतर शक्यता घटत जाते आणि ९० दिवसांनंतर ती बरीच कमी होते.

साठावा दिवस ही काही जादूची रेष नाही. ६५ दिवसांचं बाळ आलं म्हणून कोणी त्याला परत पाठवत नाही. पण प्रत्येक आठवड्यागणिक वण वाढत असतात आणि ठरावीक मर्यादेपलीकडे वाट मोकळी करूनही उपयोग होत नाही. मग उरतो तो प्रत्यारोपणाचा मार्ग. भारतात लहान मुलावरचं पहिलं यशस्वी यकृत प्रत्यारोपण नोव्हेंबर १९९८ मध्ये दिल्लीच्या अपोलो रुग्णालयात झालं. २० महिन्यांच्या त्या मुलाला बिलियरी अट्रेसियाच होता आणि यकृताचा भाग वडिलांनी दिला होता. आज मुंबई-पुण्यातही ही शस्त्रक्रिया होते. पण तिचा खर्च लाखांत आहे, घरातलाच एक जण शस्त्रक्रियेच्या टेबलावर जातो आणि औषधं जन्मभर घ्यावी लागतात. कसाई शस्त्रक्रिया झालेल्या अनेक मुलांनाही पुढे प्रत्यारोपण लागतं. तरी ते काही वर्षं पुढे ढकललं जाणं हाच मोठा फायदा असतो. तोवर मूल वाढतं आणि शस्त्रक्रिया सोसण्याजोगं होतं.

शिरड शहापूरसारख्या गावात उशीर कुठे होतो?

शिरड शहापूर हे औंढा नागनाथ तालुक्यातलं गाव. मल्लिनाथांच्या जैन मंदिरामुळे ते बाहेरही ओळखलं जातं. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्यातल्या दहा नव्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात हिंगोलीचंही होतं. पण कसाई शस्त्रक्रियेला बालशल्यचिकित्सक, अनुभवी भूलतज्ज्ञ आणि नवजात अतिदक्षता विभाग असं सगळं एकत्र लागतं. त्यासाठी मराठवाड्यातल्या कुटुंबाला मोठ्या शहराची वाट धरावी लागते. म्हणजे ६० दिवसांतले काही दिवस चिठ्ठी, प्रवास, पैशांची जुळवाजुळव आणि तपासण्यांतच जातात. गावात संशय पाचव्या-सहाव्या आठवड्यापर्यंत यायला हवा.

तो न येण्याची कारणं घरातच असतात. बाळंतीण बहुधा माहेरी असते. खोलीत उजेड कमी असतो. बाळाच्या अंगाला हळद आणि डाळीचं पीठ लावण्याची पद्धत आहे आणि वसमत-हिंगोली हा तर हळदीचाच पट्टा. त्यात त्वचेचा पिवळेपणा पटकन नजरेत भरत नाही. भरला तरी ‘कोवळ्या उन्हात धरा, उतरेल’ हा सल्ला ठरलेला, आणि नेहमीच्या काविळीत बाळ आपोआप बरं होत असल्याने तो खराही वाटतो. कुठे झाडपाला, कुठे कावीळ ‘उतरवणारा’ माणूस यात आणखी एखादा आठवडा जातो. शिवाय हे बाळ सुरुवातीला आजारी दिसतच नाही. ते दूध पितं, हसतं, अंगही धरतं. सव्वा महिन्यानंतर आई सासरी येते आणि तिथल्या आशाताईंना बाळाचे पहिले आठवडे माहीत नसतात.

यंत्रणेत काय आहे, काय नाही?

दवाखान्यात बाळंतपण झालं असेल, तर आशा कार्यकर्तीने बाळाच्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी घरी जायचं असतं. याच सुमारास दीड महिन्याची लस असते. म्हणजे ६० दिवस संपण्याआधी आरोग्य यंत्रणा बाळाला अनेकदा पाहते. नवी यंत्रणा उभारायची गरज नाही. १४व्या दिवसानंतरच्या प्रत्येक भेटीत ‘शी कोणत्या रंगाची होते?’ हा एक प्रश्न विचारून भागेल.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या मूळ यादीत दुभंगलेले ओठ, वाकडे पाय, जन्मजात मोतीबिंदू, हृदयदोष असे नऊ जन्मदोष आहेत. बिलियरी अट्रेसिया त्यात नाही. बाहेरून न दिसणारा दोष अशा यादीतून सुटतो.

तैवानने यावर साधा उपाय केला. २००२ मध्ये प्रयोग म्हणून आणि २००४ पासून देशभर त्यांनी बाळाच्या आरोग्य पुस्तिकेत शीच्या रंगांची छायाचित्रं छापली. कोणते रंग ठीक, कोणते धोक्याचे, एवढंच. तिथल्या अभ्यासानुसार, आजारी बाळांपैकी पाच वर्षांनंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण सुमारे ५६ टक्क्यांवरून ८९ टक्क्यांवर गेलं. याच काळात प्रत्यारोपणही सुधारलं, त्यामुळे सगळं श्रेय कार्डाचं नाही. पण शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांत कावीळ गेलेल्या बाळांचं प्रमाणही जवळपास ३५ टक्क्यांवरून ६१ टक्के झालं. जपाननेही २०१२ मध्ये माता-बाल पुस्तिकेत असं कार्ड आणलं. आपल्याकडे प्रत्येक बाळामागे माता-बाल संरक्षण कार्ड असतंच. त्यात रंगांची एक पट्टी छापायला फार खर्च येणार नाही.

घरच्यांनी काय पाहावं?

बाळाची शी पिवळी, मोहरीसारखी किंवा हिरवट असेल तर काळजी नाही. ती पांढरट, चुन्यासारखी, राखाडी किंवा फिकट मेणासारखी असेल, तर एक दिवसही थांबू नये. रंग दिव्याखाली न पाहता दिवसाच्या उजेडात पाहावा. तान्ह्या बाळाची लघवी जवळपास बिनरंगाची असते. पांढऱ्या लंगोटावर तिचे गडद पिवळे डाग पडत असतील, तर तोही इशाराच.

कावीळ १४ दिवसांनंतरही असेल, तर रक्तातलं एकूण बिलिरुबिन तपासून भागत नाही. त्यातलं ‘डायरेक्ट’ बिलिरुबिन किती, हे डॉक्टरांना आवर्जून विचारावं. ते प्रति डेसिलिटर एक मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल, तर पुढच्या तपासण्या लगेच व्हायला हव्यात. ही काविळ उन्हाने किंवा निळ्या दिव्याने बरी होत नाही. पित्त आतड्यात न उतरल्याने के जीवनसत्त्वही शोषलं जात नाही. त्यामुळे नाळेतून, नाकातून किंवा लस टोचल्या जागेतून रक्त थांबत नसेल, तर बाळाला तातडीने दवाखान्यात न्यावं.

पुढे काय?

टीजीएफ-बीटा आणि त्याच्या सोबतच्या निरोप्यांवरचं संशोधन थांबणार नाही आणि थांबूही नये. कसाई शस्त्रक्रियेनंतर पित्त वाहू लागूनही अनेक मुलांमध्ये वण वाढतच राहतात. औषधाची खरी गरज तिथे आहे. पण ते औषध उद्या आलं, तरी शंभराव्या दिवशी पोहोचलेल्या बाळाला त्याचा फायदा किती होईल, हा प्रश्न राहणारच. पुण्यात भांडं बदलल्याने आजार हटला, तेव्हा या प्रथिनाची पूर्ण ओळखही झालेली नव्हती. बिलियरी अट्रेसियात बदलण्याजोगं भांडं नाही, पण वाचवण्याजोगे आठवडे आहेत. ते हिंगोलीत वाचणार की वाया जाणार, हे एका प्रश्नावर आणि छापील रंगाच्या एका पट्टीवर अवलंबून आहे.